सत्तावीस नंबरचा पाइप

कालव्यावरच्या पंपघरात एकोणीस वर्षं निळा कोट घालून राबणाऱ्या बाईला छायाचित्रकार म्हणायला फोटो क्लबवाल्यांची जीभ रेटत नव्हती. ते तिला पंपवाल्या ताई म्हणत. ताई त्यांना मनातल्या मनात झुडपं म्हणायची. कारण ते यायचे तेच पानापानांच्या छापाचे कपडे घालून, तोंडावर जाळी ओढून. ज्या काँक्रीटच्या काठावर गवताचं पातं उगवत नाही, तिथे पाच झुडपं ओळीनं बसलेली बघून पाणमांजरं जी बुडी मारत, ती दिवसभर तोंड दाखवत नसत.

ताईचं काम सरळ होतं. सकाळी सहाला मोटर चालू करायची, पाण्याबरोबर येऊन जाळीला अडकलेला कचरा दाताळ्यानं ओढून काढायचा आणि तासातासाला पाण्याची पातळी वहीत लिहायची. मोटरची घरघर, दाताळ्याची खरखर आणि निळा कोट हे पाणमांजरांच्या पिल्लांनी डोळे उघडले तेव्हापासून बघितलेलं. त्यांच्या लेखी ताई म्हणजे जाळीचाच एक तुकडा. तिच्यापासून दहा हातांवर ती मासा डोक्याकडून कडाकडा चावून खात, गोणपाटावर लोळून अंग कोरडं करत, एकमेकांचे कान ओढत.

एकच पथ्य होतं. दाताळं थांबलं की सगळ्यांच्या माना वर होत आणि पुढच्या क्षणी पाणी रिकामं. म्हणून ताईनं युक्ती काढली होती. बसचालक नवऱ्यानं जुन्या बाजारातून आणून दिलेला कॅमेरा ती दोन्ही हातांनी धरायची आणि दाताळं पायानं खरखरवत राहायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. क्लबच्या कार्यशाळेची फी भरून हे शिकायला मिळतही नाही.

अशाच एका सकाळी मादी कालव्याच्या भिंतीतल्या सत्तावीस नंबरच्या पाइपातून बाहेर आली. तोंडात पिल्लू, मानेला धरलेलं. पाइपाच्या तोंडावर पिवळ्या रंगात ठसठशीत २७. ताईनं बटण दाबलं.

ताईनं क्लबच्या स्पर्धेला दिलेला तो फोटो सचिवांनी संगणकावर मोठा करून बघितला आणि खुर्ची पुढे ओढली. “ताई, फोटो जबरदस्त आहे. फक्त तो पाइप नडतोय.”

“नडतोय म्हणजे? ती राहते त्यात.”

“राहू दे ना. दिसायला नको. या गटाचं नाव नैसर्गिक अधिवास आहे. आम्ही जरा साफ करून घेतो.”

फोटो भिंतीवर लागणार, लोक थांबून बघणार, या हावेपायी ताईनं कागदावर सही ठोकली. पाइप गेला, तिथे शेवाळलेला खडक आला. खाली छापलं, ‘रानओढ्याच्या काठी’. दुसरं बक्षीस मिळालं, सोनेरी चौकट मिळाली. क्लबला दिलेलं कॅमेऱ्याचं कार्ड परत आलं ते कोरं.

तीन महिन्यांनी पंपघराच्या दारावर नोटीस चिकटली. कालव्यावर स्लॅब टाकून वर गाड्यांचा तळ होणार. नोटिशीत एक वाक्य होतं, ‘सदर कालव्यात कोणताही वन्यजीव आढळत नाही.’ ताईनं ते दोनदा वाचलं. मागे पाण्यात तीन पिल्लं एका चपलेवरून भांडत होती.

हरकतींच्या सुनावणीला ती सोनेरी चौकट काखेत मारून गेली.

“छान फोटो आहे,” इंजिनिअर साहेब म्हणाले. “कुठल्या नदीवरचा?”

“आपल्या कालव्यावरचा. सत्तावीस नंबर.”

“सत्तावीस कुठे दिसतोय? इथे तर खडक आहे. कालव्यात एक खडक दाखवा, बाई, आत्ता काम बंद करतो.”

खोली हसली. ताईच्या कानशिलांपर्यंत आग गेली. पण सुनावणीच्या अधिकारी बाई हसल्या नाहीत. पुरावा आणायला त्यांनी आठ दिवस दिले.

तिथून ती तडक क्लबवर. “मूळ फोटो द्या. नाहीतर पाइप तुम्ही काढलात असं लिहून द्या.”

“मूळ आता नाही हो,” सचिव म्हणाले. “आणि तसं लिहून कसं देणार? फोटोत फेरफार आमच्या नियमात बसत नाही.”

“नियमात बसत नाही ते करायला बरं जमलं. तिचं घर पुसलंत तुम्ही. आता साहेब ते खरोखर पुसायला निघालेत, तर तुमच्याकडे चार ओळी नाहीत.”

घरी आल्यावर तिनं चौकट उलटी करून भिंतीला टेकवली. “अहो, सही मीच केली होती.”

“सही तू केलीस, खडक तू नाही घातलास,” नवरा बूट काढत म्हणाला. “आणि त्या साहेबाला फोटो कशाला दाखवतेस? फोटोवर तो शंभर शंका काढेल. पाणमांजरं दाखव की.”

दुसऱ्याच दिवशी ताईनं अर्ज दिला, ‘जागेवर येऊन पाहणी करावी.’ पोच घेतल्याशिवाय ती खिडकीवरून हलली नाही.

सातव्या दिवशी सकाळी अधिकारी बाई आल्या आणि पांढऱ्या सदऱ्यात साहेब. ताईनं खुंटीवरचे दोन निळे कोट पुढे केले.

“मी हे कशाला घालू?” साहेब म्हणाले.

“त्यांना पांढऱ्याची ओळख नाही.”

अधिकारी बाईंनी मुकाट्यानं कोट चढवला, मग साहेबांचाही इलाज चालेना. ताईनं त्यांच्या हातात दाताळं दिलं. “ओढत राहा. थांबलात की ती जातील.”

“किती वेळ?”

“मी एकोणीस वर्षं ओढतेय, साहेब. तुम्ही अर्धा तास बघा.”

साहेब ओढू लागले. पिशव्या, बाटल्या, कुजका पाला. वीस मिनिटांत कोटाच्या बाह्या भिजल्या, कपाळाचा घाम नाकावर आला. आणि सत्तावीसच्या काळोखातून आधी मिशा, मग डोकं, मग अख्खी मादी बाहेर आली. मागोमाग तीन पिल्लं. साहेबांचा हात थबकला.

“ओढा,” ताई ओठ न हलवता म्हणाली.

साहेबांनी ओढलं. ताईनं कॅमेरा उचलला. चौकटीत पाइप आला, पिवळा २७ आला, चार पाणमांजरं आली, तरंगती चप्पल आली आणि डाव्या बाजूला निळ्या कोटात, तोंड उघडं टाकून दाताळं ओढणारे साहेब आले.

अधिकारी बाईंनी जाळीच्या कठड्यावर वही ठेवूनच पाहणीचा अहवाल लिहिला. पाणमांजरं, चार, सत्तावीस क्रमांक. पुढील आदेशापर्यंत काम थांबवावे. साहेबांना खाली सही करावी लागली. मग त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून बघितलं आणि आवाज खाली आणला.

“ताई, बाकी ठीक आहे. पण मला यातून काढता येईल का? क्लबवाले करतात म्हणे तसं.”

“नाही,” ताई म्हणाली आणि त्यांच्या हातातलं दाताळं काढून घेऊन जाळीकडे वळली.