सात थरांचा काळोख

चित्रकलेच्या वर्गात त्यांना सगळे टायपिस्टबाई म्हणत. एकतीस वर्षं बाईंनी ऑफिसात पत्रं टाइप केली. साहेबांनी लाल पेन्सिल फिरवायची आणि बाईंनी निमूटपणे अख्खं पान पुन्हा टाइप करायचं. खाली सही साहेबांची. बाईंच्या वाट्याला कोपऱ्यातली दोन आद्याक्षरं, तीही भिंग लावून शोधावी लागतील एवढी बारीक.

निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलीचं एक पांढरं फूल रंगवायला घेतलं. फूल चार दिवसांत झालं, मागचा काळोख मात्र दोन महिने चालला. काळ्या रंगाच्या ट्यूबला बाईंनी हातसुद्धा लावला नाही. निळ्या रंगात जवसाचं तेल घालून तो इतका पातळ करायचा की खालचं सगळं दिसलं पाहिजे. एक थर द्यायचा आणि आठवडाभर वाळू द्यायचा. मग त्यावर तपकिरी, त्यावर गडद लाल, पुन्हा निळा. असे सात थर. धूळ बसू नये म्हणून खोलीतला पंखा बंद आणि केरसुणीला मज्जाव.

"एवढ्यात आपलं घर आतून-बाहेरून रंगवून झालं असतं," नवरा घाम पुसत म्हणायचा.

सातवा थर खडखडीत वाळल्यावर बाई चित्र घेऊन वर्गात गेल्या. वार्षिक प्रदर्शनासाठी सर त्या दिवशी निवड करणार होते. बाई हात धुवून परत येतात तर काय, सर त्यांच्याच चित्रासमोर ब्रश घेऊन उभे! फुलाभोवती पांढुरक्या रंगाचे जाड फटकारे.

"मागे फार अंधार झाला होता हो," सर म्हणाले. "जरा उजेड दिला. आता लावू प्रदर्शनात, अगदी दारासमोरच्या भिंतीवर."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथेही लाल पेन्सिल! त्यांनी पिशवीतून मऊ फडकं काढलं आणि त्यावर तेलाचा थेंब घेतला.

"अहो, काय करताय? खालचंही निघेल!"

ती भीती बाईंनाही होतीच. पण फडकं फिरलं तसा ओला पांढरा रंग उचलला गेला आणि खालचा काळोख जसाच्या तसा वर आला, आत निळा, त्याच्याही आत लाल. एखादा थर जरी घाईने दिला असता तरी सगळा चिखल झाला असता.

सरांचा चेहरा पडला. "मग हे चित्र प्रदर्शनात लागणार नाही."

"नको लागू दे. माझ्या घराला चार भिंती आहेत."

घरी येऊन बाईंनी सगळ्यात बारीक ब्रश उचलला, तो ठेवून दिला आणि चांगला जाड घेतला. चित्राच्या कोपऱ्यात त्यांनी नाव लिहिलं. आद्याक्षरं नव्हे, आडनावासकट पूर्ण.

नवरा चष्मा सावरत म्हणाला, "अगं, अक्षरं जरा मोठी झाली."

"मोठीच काढलीत," बाई म्हणाल्या. "आणि पंख्याला हात लावू नका. सही वाळायचीय."