कापडानं वास अडत नाही

आमच्याकडे कीटकनाशकाला औषध म्हणतात. औषध मारलं, औषध कालवलं, औषध लागलं. माझ्या मोठ्या भावाला औषध लागलं ते कापसाच्या वाईट सालांतलं एक साल होतं. बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली होती, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, डोक्याच्या वर गेली होती आणि घाबरलेले मालक दुकानदार सांगेल ती दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवायला लावत होते. केळापूरजवळच्या आमच्या गावात भाऊ दुसऱ्यांच्या वावरात रोजानं फवारणीला जायचा. मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे.

वहिनीचा फोन दुपारी आला. "बाई, तुमच्या भावाले दिसून नाही राह्यलं. उलट्या करून राह्यला. गाडी करून यवतमाळले नेतो, तुम्ही तिकडंच या."

मी बसनं पोचले तेव्हा वॉर्डात खाटा पुरत नव्हत्या. भाऊ दोन खाटांच्या मधे गादीवर होता. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, तोंडातून लाळ गळत होती. इंजेक्शन देऊन झालं होतं, सलाइन चालू होती. आणि अंगात तोच सदरा होता. फवारताना घातलेला, पाठीवर पंप गळून ओला झालेला सुती सदरा, आता अंगावरच अर्धवट वाळलेला. त्याचा वास मला दारातच आला होता.

"हा अंगात काहून ठेवला?" मी वहिनीला विचारलं.

"सलाइन लावेल होती, बाई. कसा काढाव?"

मी नर्सकडून कात्री मागितली आणि सदरा कापून काढला. ती बिचारी एकटी साऱ्या वॉर्डात धावत होती. तिनं हातमोजे दिले, साबण दिला. वहिनीनं आणि मी त्याचं अंग, मान, केस पुसून काढले, बादलीभर पाणी बदलून पुन्हा पुसले. सुताच्या धाग्याला पृष्ठभाग फार असतो. औषधाचे रेणू त्याला चिकटतात, काही आत मुरतात, आणि अंगाच्या उबेनं, घामानं सुटून कातडीतून परत माणसात शिरतात. सलाइन एका हातातून विष उतरवत होती आणि सदरा पाठीवरून ते भरत होता. किती तास, ते मी मोजायचं नाही असं ठरवलं.

वहिनी म्हणाली, "घरी फवाऱ्याचे दोन दिवसांचे कपडे भिजू घातले हायेत. पोरांच्याच कपड्यांत."

मी तिच्यावर ओरडले. वॉर्डातली माणसं बघायला लागली. मग तिच्या हातांकडे लक्ष गेलं. बोटांच्या बेचक्यांत कातडी लाल होऊन सोलली होती. तिला कुणीही सांगितलं नव्हतं की हे कपडे वेगळे, साबणानं, पुन्हा पुन्हा धुवायचे असतात. कुणी म्हणजे मीसुद्धा. अधिशोषणाचा धडा मी कितीतरी वर्षं शिकवत होते. रेणू पृष्ठभागावर चिकटतात, त्याला अधिशोषण म्हणतात. उपयोग लिहा, दोन गुण. पहिला उपयोग: विषारी वायूपासून बचावाच्या मास्कमध्ये सक्रिय कोळसा. पोरं पाठ करत, मी बरोबरची खूण करत असे. आणि माझा भाऊ बसनं तासाभरावर तोंडाला कापड बांधून पऱ्हाटीत शिरत असे. त्या दिवशी वहिनीवर जो राग काढला तो खरा माझ्यावरचा होता.

चौथ्या दिवशी भाऊ नीट बोलायला लागला. त्याच दिवशी विषबाधेच्या सरकारी चौकशीचा कारकून आला आणि छापील नमुना भरून सही मागू लागला. भावाला अजून अक्षरं दिसत नव्हती, म्हणून मी वाचलं. "मजुराने सुरक्षा साधने वापरली नव्हती."

"मी मास्क लावलता," भाऊ म्हणाला. "गावात वाटला तोच. हिरवा."

"सगळे असंच म्हणतात," कारकून म्हणाला.

"मग सगळ्यांनी लावला असंल," मी म्हणाले. "दिसायला लागलं की तो स्वतः वाचून सही करेल. तोवर नाही."

घरी गेल्यावर मी तो मास्क शोधला. खुंटीला लटकला होता. दोन पदरी हिरवं कापड, दोन नाड्या. धूळ अडवेल, मोठे थेंब थोडे अडवेल. वाफ अडवायचा प्रश्नच नाही. शिवाय ओला झाला की तो तोंडावर बांधलेला औषधाचा बोळाच. माझ्या भावानं तो दिवसभर श्वासासमोर धरला, कारण सांगितलं होतं तसं त्यानं केलं.

पंधरा दिवसांत ग्रामपंचायतीच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. तालुक्याचे एक साहेब येणार, फवारणी करणाऱ्यांना साधनं वाटणार, मार्गदर्शन करणार. मी रजा टाकून गेले. सोबत कॉलेजच्या प्रयोगशाळेतून एक लहान बाटली इथाइल ॲसिटेट घेतलं, त्याला पिकल्या फळासारखा गोड वास असतो, आणि एक डबा सक्रिय कोळसा.

साहेब चांगलं बोलले. मजूर हयगय करतात, दिलेली साधनं घालत नाहीत, उकडतं म्हणतात, जीव स्वतःचा आहे तर काळजी स्वतः घ्यावी. मग हिरवे मास्क वाटायला घेतले. फोटो निघाले. माझ्या शेजारच्या बाईचा नवरा अजून वॉर्डात होता. तिलाही एक मास्क मिळाला.

मी उभी राहिले. "साहेब, दहा मिनिटं द्या. या मास्कची परीक्षा घेऊ."

ते हसले. "मॅडम, लोकांना घरी जायचंय."

"बोलू द्या ना त्यांना," मागून कुणीतरी म्हणालं. "आमाले घाई नाही."

पाण्याच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या मी बुडं कापून आधीच आणल्या होत्या. एकीच्या तोंडावर नुकत्याच वाटलेल्या मास्कचं कापड दोन पदरी घट्ट बांधलं. दुसरीतही तेच कापड, पण त्याच्यावर आत चार बोटं सक्रिय कोळसा. दोन्हींत कापसाचा बोळा त्या गोड वासाच्या रसायनात भिजवून टाकला आणि बुडाकडून प्लास्टिक बांधून बंद केलं. शेजारच्या बाईला म्हणाले, "डोळे मीट आणि या दोन्हीला नाक लाव. वास कुठून येते ते सांग."

पहिल्या बाटलीला नाक लावताच ती मागं सरकली. "हे तं पूरं आंब्यावाणी घमघमून राह्यलं." दुसरीला तिनं कितीतरी वेळ नाक लावलं. "इथून काही नाही येत."

मग रांगच लागली. म्हातारे, बाया, फवारणीचे गडी, एक मालकही. मी सांगत होते की कोळसा वास गिळत नाही, अंगाला चिकटवून धरतो. त्याच्या कणाकणात इतकी बारीक भोकं असतात की चिमूटभर कोळशाच्या आतला पृष्ठभाग उलगडला तर कबड्डीची कैक मैदानं भरतील. वाफेचे रेणू त्या भोकांतून जाताना तिथंच अडकतात. जागा भरली की मात्र वास पुन्हा येतो, म्हणून अशा मास्कची डबी बदलावी लागते. "आणि हे माझं बाटलीचं खेळणं आहे," मी म्हणाले. "घरी कोळसा बांधून वावरात जाऊ नका. औषधासाठीचा डबीचा मास्क दुकानात मिळतो. तो द्यायला पाहिजे होता, आणि त्याच्यासोबत हातमोजे आणि अंगभर कोट."

साहेब म्हणाले, "म्हणजे मॅडम, आता राजूरच्या खाणीतला कोळसा बांधायचा का तोंडाला?" टेबलाजवळचे दोघं-तिघं हसले.

"तो जाळायचा कोळसा आहे," मी म्हणाले. "हा खूप तापवून, वाफ देऊन भोकं पाडलेला. पण तुम्हाला फरक कळावा म्हणून नाही विचारलं तुम्ही. एक सांगा, ही पहिली बाटली तुम्ही हुंगणार का?"

त्यांनी हुंगली नाही. पुढचा कार्यक्रम आहे म्हणून निघाले. वाटलेले मास्क टेबलावर परत जमा होऊ लागले. कुणी ठरवलं नव्हतं. पहिला शेजारच्या बाईनं ठेवला.

आठवड्याभरात प्राचार्यांनी मला बोलावलं. प्रयोगशाळेचं साहित्य विनापरवानगी बाहेर नेलं, शासकीय कार्यक्रमात अडथळा आणला, लेखी खुलासा द्या. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "दोन ओळी दिलगिरीच्या लिहा, मिटवून टाकू." मी एकच ओळ लिहिली, साहित्य विनापरवानगी नेल्याबद्दल. दुसरी लिहिली नाही. माझी त्या वर्षीची वेतनवाढ अडली, ती पुढं कधी सुटली ते आता आठवत नाही. आठवतं ते हे की खुलासा माझ्याकडून मागितला गेला. ते हिरवं कापड खरेदी करणाऱ्याकडून नाही, तीन औषधं एकत्र कालवायला सांगणाऱ्याकडून नाही.

गावात मात्र फवारणीचे गडी अडून बसले. डबीचा मास्क दिल्याशिवाय पंप उचलणार नाही. बोंडअळी थांबायची नव्हती, त्यामुळे मालकांना घाई होती. पाच दिवसांनी दोघा मालकांनी मिळून चार मास्क आणले. चार, आणि फवारणारे वीस. आळीपाळीनं वापरायला लागले. हे पुरेसं आहे असं मला एक दिवसही वाटलं नाही.

वहिनीनं वस्तीतल्या बायांना एकत्र केलं. फवाऱ्याचे कपडे घरात आणायचे नाहीत, बाहेरच्या बादलीत, हातात पिशवी घालून, साबणानं दोनदा धुवायचे. ती माझ्यापेक्षा बरं शिकवते. तिनं धड्याचं नावही घेतलं नाही.

कारकून परत आला तेव्हा भाऊ घरी होता. नजर बरीचशी परतली होती, हातांना मात्र कंप राहिला होता. त्यानं नमुना डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला, मग पेन मागितला आणि छापील ओळीवर आडवी रेघ मारली. खाली लिहायला त्याला फार वेळ लागला. अक्षरं वाकडी पडत होती. कारकून म्हणाला, "मी लिहून देतो, तुम्ही सही करा." भाऊ लिहितच राहिला.

त्यानं लिहिलं, "मास्क लावला होता. तो कापडाचा होता. औषध त्यातून आलं."

खाली सही केली. कारकुनानं कागदाची घडी घातली आणि चहा न घेता गेला. भाऊ बाजेवर बसून उजवा हात डाव्या हातानं दाबत राहिला, कंप थांबेपर्यंत.