सोन्याच्या गावातला ताप

"तुम्ही स्वतः पाहिलंत का?" हे त्याचं वाक्य. म्हणताना डावा डोळा बारीक करायचा आणि मान थोडी मागं घ्यायचा, समोरच्यानं काही फेकून मारलंच तर चुकवता यावं म्हणून. उद्या पाऊस आहे म्हटलं तरी हेच, नगरपालिकेतली बाई सोमवारी रजेवर असते म्हटलं तरी हेच. आता उद्याचा पाऊस मी आज कुठून पाहणार, सांगा.

तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा. आमच्या वाट्याला हा नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये आला, दोन हजार पाच-सहाच्या सुमारास. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात इंजिनिअर, राहायला आमच्याच रांगेत. एकटा, तिशीतला, सोलापूरचा. तेव्हा गावात मराठी घरं इतकी कमी, की माणूस आवडो न आवडो, रविवारी जेवायला बोलवावाच लागायचा.

मी पुण्याची. संशय घ्यायला मला कुणी शिकवावं लागत नाही. पण यानं माझ्यावरही ताण केली. सुपरमार्केटमध्ये दूध घेताना फळीत कोपरापर्यंत हात घालून मागचा डबा काढायचा. सायकलला दोन कुलपं लावायचा आणि थोडं पुढं गेला की मागं वळून बघायचा. माझ्या आमटीत काय काय आहे हे विचारल्याशिवाय चमचा उचलला नाही त्यानं कधी. मला वाटायचं, हाच काहीतरी लपवतोय. जो दुसऱ्याला इतकं विचारतो त्याला स्वतःबद्दल कुणी विचारलेलं नको असतं.

एकदा माझ्या नवऱ्याला ताप आला. इथल्या डॉक्टरांचं तुम्हाला माहीत आहेच. फोनवर पॅरासिटामॉल सांगितली, भरपूर पाणी प्या म्हणाले, बरं वाटलं नाही तर पुढच्या आठवड्यात बघू. आम्हाला त्याची सवय झाली होती. हा मात्र थर्मामीटर घेऊन आला आणि संध्याकाळपर्यंत पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसला.

"अरे, साधा ताप आहे," मी म्हटलं.

"तापाला साधा म्हणू नका, वहिनी. माझे वडील तापानं गेले."

मग त्यानं सांगितलं. रायचूरच्याही पलीकडं, एका आडबाजूच्या गावात सोन्याची खाण होती. आजोबा तिथं खाणीच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेले आणि घर तिथलंच झालं. वडील खाणीतच सर्व्हेअर झाले. लग्नानंतर मेहुण्यालाही त्यांनी तिथंच चिकटवून घेतलं. हा तीन वर्षांचा असताना वडील गेले. त्याला आठवत होते फक्त खाणीतून काढलेल्या पांढरट मातीचे डोंगर, घरांपेक्षा उंच. "सोन्याच्या गावचे आम्ही, आणि आईच्या अंगावर गुंजभर सोनं नाही," असं म्हणून तो हसला. मला काही हसू आलं नाही.

"पण मला ते पटत नाही," तो पुढं म्हणाला. "तिशीतला धडधाकट माणूस तापानं असा जातो? आईला विचारलं की ती उठून आत जाते. आणि मामाला विचारलं की तो मला खायला घालतो."

हा मामा म्हणजे तोच मेहुणा. बहिणीला आणि भाच्याला घेऊन तो सोलापूरला आला, एका गिरणीच्या ऑफिसात लागला, यांना सांभाळलं, भाच्याला इंजिनिअर केलं. स्वतः लग्न केलं नाही. अजूनही भारतातून कुणी येणार असलं की त्याच्याबरोबर मामाची पिशवी यायची: शेंगांची चटणी, कडक भाकरी, चादर. हा ती चटणी हुंगायचा आणि आमच्याकडं आणून द्यायचा.

"एवढं प्रेम कुणी उगीच करत नाही, वहिनी. मामानं काहीतरी केलेलं आहे."

मला खरं तर राग यायला हवा होता. पण मलाही तसंच वाटलं.

पुढच्या वर्षी माझ्या सासूबाई इथं राहायला आल्या होत्या. पितृपंधरवडा चालू होता. याच्या आईचा दर वर्षी फोन यायचा, चतुर्दशीला वडिलांच्या नावानं पान वाढ म्हणून. याला खीर-वडे कुठले जमायला, म्हणून तो मला विचारायला आला. मी सुरिनामहून आलेल्या लोकांच्या दुकानातून अळू आणलं होतं आणि सासूबाई देठ सोलत बसल्या होत्या.

"वडिलांची तिथी चतुर्दशी का रे?" त्यांनी विचारलं.

"हो काकू. त्या दिवशी गेले. तापानं."

"मग चतुर्दशीला कसं करता?" सासूबाईंनी मानही वर केली नाही. "चतुर्दशीला गेलेल्यांचं या पंधरवड्यात अमावास्येला करतात. चतुर्दशी घात झालेल्यांची. अपघातात गेलेले, कुणी मारलेले, त्यांची. तुझ्या आईला नीट विचार, चुकत असेल ती."

 सासूबाईंना आपला नेहमीचा प्रश्न तो विचारेल म्हणून मी वाट बघत होते, त्यांनी स्वतः पाहिलं का म्हणून. त्यानं नाही विचारलं. चपला घातल्या आणि गेला.

चतुर्दशीला मी डबा घेऊन गेले. त्यानं मागच्या शेडच्या छपरावर पान ठेवलं आणि आम्ही दोघं कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. तिथंच त्यानं सांगितलं. आदल्या दिवशी आईला फोन करून त्यानं सरळ विचारलं होतं, घात कसला झाला.  मग ती बोलली.

ताप आला होता तो मामाला. त्या दिवशी खाणीत खाली उतरायची पाळी मामाची होती. अंगात ताप असूनही तो निघाला होता. वडिलांनी त्याला परत अंथरुणावर घातलं, तू झोप म्हणाले, मी जाऊन येतो. खाली खाणीचं छत त्यांच्यावर बसलं.

"आई म्हणाली, पोराला खरं कळलं तर तो ज्याच्या हातचं जेवतो त्याच्यावरच दात धरेल, म्हणून ताप सांगितला. मग मी म्हटलं, चतुर्दशी तरी कशाला सांगितलीस? तर म्हणाली, तुझ्याशी खोटं बोलले रे, त्यांच्याशी कसं बोलणार?"

मला रडू आलं. तो रडला नाही. पान तसंच होतं, कावळा काही आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं मामांना इथं बोलावून घेतलं. तिकीट काढल्याचं त्यानं येऊन सांगितलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला इतक्या लांब, ओळखीचं कुणी नाही अशा जागी आणून हा आता जाब विचारणार. विमानतळावरून आल्यावर दोघं घरात गेले आणि मी खिडकीत उभी राहून कान देऊन ऐकत होते, खोटं कशाला बोलू. आवाज काही आला नाही.

रविवारी दोघांना जेवायला बोलावलं. मामा किडकिडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, सारखं माझंच कौतुक. "ताई, या मुलाचं तुम्ही फार केलंत." भाचा वाढेल ते मामा मुकाट खात होते. माझ्या नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नव्हतं, तेवढी एक अक्कल मला सुचली नाही. त्यानं भाबडेपणानं विचारलं, "मामा, याचे वडील फार लवकर गेले ना?"

मामांचा हात ताटातच थांबला. त्यांनी भाच्याकडं बघितलं नाही.

"हो. ताप आला होता," ते म्हणाले.  "साधाच वाटला होता."

मी भाच्याकडं बघत होते. डावा डोळा बारीक झालाय का, मान मागं गेलीय का. आता हा विचारणार, माझी खात्रीच होती.

"हो ना, मामा," तो म्हणाला. "आणि तिकडं कुठली औषधं. तुम्ही भात घ्या, निवतोय." त्यानं त्यांच्या भातावर तूप वाढलं, आणि ते नको म्हणत असताना आणखी वाढलं. मामा खाली मान घालून जेवू लागले.

मी ताक आणायला आत गेले, तर पाण्याचा जग भरायच्या निमित्तानं तोही मागून आला. नळ सोडून पाठमोरा उभा राहिला. जग भरून वाहत होता तरी त्यानं नळ बंद केला नाही.

"मी खोटं नाही बोललो, वहिनी," तो म्हणाला. "ताप खराच होता."