छावणीतल्या बाळाची गोधडी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते माझ्या मोठ्या वहिनीचे. आई गेली तेव्हा मी दुसरीत होतो. भाऊ सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला होता. मी बारावी होईपर्यंत वहिनी नवऱ्यापासून लांब, खानदेशातल्या आमच्या तालुक्याच्या गावी माझ्याजवळ राहिली, म्हणून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. तिचं सगळं लक्ष माझ्यावर असायचं आणि मला त्याची सवय लागली होती.

आता ती सुरतेतच भेस्तानला राहते आणि मी तिथल्याच पर्वत पाटियाजवळ एका मदत संस्थेच्या गोदामात माल तपासतो. लढाईमुळे घरदार सोडून छावणीत आलेल्या कुटुंबांसाठी आम्ही पेट्या पाठवतो. बाळंतिणीच्या पेटीत साबण, टॉवेल, झबली आणि एक छोटी गोधडी असते. गोधड्या भेस्तानच्या बायका शिवतात. त्यांच्यात वहिनीला घ्या, असं मीच सुचवलं होतं.

तेव्हापासून ती भेटली की आमच्या अहिराणीत छावणीचंच विचारायची. "थंडी किती शे रे तठे? पोरेस्ले दूध भेटस का?" माझ्या बायकोला सहावा महिना होता. तिची चौकशी वहिनी अगदी शेवटी, चप्पल घालता घालता करायची. ज्यांच्या घरावर बॉम्ब पडले त्यांच्याशी माझी कसली बरोबरी, हे मला कळत होतं. तरी त्या न पाहिलेल्या पोरांचा मला हेवा वाटायचा.

एकदा भेस्तानच्या गठ्ठ्यात एक गोधडी हाताला फारच मऊ लागली. मी कोपऱ्याची शिवण उसवली. बाहेरून नवं कापड, आणि आत वहिनीचं हिरवं सुती पातळ. लहानपणी ताप आला की मी त्याच पातळाचा पदर धरून झोपायचो. आमच्याकडे जन्मलेल्या बाळाला आधी घरातल्या जुन्या, वापरून मऊ झालेल्या कापडात गुंडाळतात. ते पातळ माझ्या बाळासाठी आहे, असं मी कुणाला न विचारताच धरून चाललो होतो.

संस्थेला वापरलेलं कापड चालत नाही. गोधडी नापास करून शिवणाऱ्या बायकांच्या गटाला परत द्यायची, एवढंच माझं काम होतं. मी ती नापास केली आणि घरी घेऊन आलो. बायकोला म्हणालो, "वहिनीनं दिली."

रविवारी वहिनी आली. गोधडी पलंगावरच होती.

"हाई अठे कशी?"

"नापास झाली. जुनं कापड चालत नाही."

"मंग मले परत का नही दिधी?"

बायको माझ्याकडे बघायला लागली.

"नवं कापड पोरले टोचस. इतलं शिकेल सायेबले ठाऊक नही?"

"ते पातळ माझ्या बाळाचं होतं ना, वहिनी?" माझा आवाज लहान पोरासारखा निघाला.

"तुना पोरले आपन सगळा शेतस. ती माय घर सोडीसन पळनी. तिनाजोडे जुनं काय ऱ्हाई?"

पळून आलेल्या आईजवळ जुनं, मऊ कापड उरलंच नसेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आम्ही नवंकोरं पाठवतो याचा मला अभिमान होता. वहिनी चहा न घेता गेली.

समोर जाऊन बोलायचं धाडस झालं नाही. पुढच्या आठवड्यात शिलाईचं कापड भेस्तानला गेलं, त्या गठ्ठ्यात मी हे पत्र ठेवलं.

"वहिनी,

नमस्कार. गोधडी घरी आणली ती नियमासाठी नाही, हेव्यापोटी आणली. बायकोशी खोटं बोललो होतो, ते तिला सांगितलं. गोदामाच्या मुख्य बाईंनाही सांगितलं. त्या खूप रागावल्या. तुझी गोधडी मात्र पाठवता येणार नाही. छावणीत आजार पसरू नये म्हणून तो नियम आहे, तो बदलणार नाही.

मग मी त्यांना तुझं म्हणणं सांगितलं. आता नवं कापड तीनदा गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवूनच शिवायला येईल. या गठ्ठ्यातलं मी स्वतः धुतलंय. गालाला लावून बघ. टोचत असेल तर परत पाठव, मी पुन्हा धुतो. पेट्या निघायला अजून दहा दिवस आहेत.

तुझी गोधडी सोबत आहे. ती कुणाला द्यायची ते तू ठरव, मी मागणार नाही. त्या बाळाचा हेवा अजून पुरता गेलेला नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही.

तुझा,
धाकटा दीर"