तारमास्तरांची पट्टी

तारमास्तर तारखात्यात नव्हते, नाटकात होते. गाण्यातला अगदी वरचा सूर, ज्याला गाणारे तार म्हणतात, तो लावून ते इतका वेळ उभे राहत की पुढच्या रांगेतल्या माणसांना धाप लागे. तेव्हापासून हे नाव पडलं. मूळचा शिंप्याचा मुलगा. दुकानात मशीन चालवता चालवता चाली बांधायचा. चाल जलद असली की गिऱ्हाइकाची विजार इतकी घट्ट शिवली जाई की त्याला बसता येत नसे, आणि संथ असली की तिच्यात दोघे मावत. शेवटी वडिलांनी हात जोडले, "बाबा रे, तू नाटकात जा. लोकांच्या अब्रूचा प्रश्न आहे."

त्या काळात नाटकातली पात्रं नुसती बोलत. गाणं आलं की कोपऱ्यात बसलेला गवई गाई. म्हणजे रडायचं नायिकेने आणि तिच्या दुःखाचे आलाप घ्यायचे एका मिशीवाल्याने. मास्तरांनी हा कारभार मोडून काढला. जो रडेल त्यानेच गायचं, असा त्यांनी कायदा केला. मग पात्रं जी गायला लागली ती थांबेनात. वकील नोटीस गाऊन बजावी, डॉक्टर नाडी धरून गाई, आणि स्वतः मास्तर नायकाच्या वेषात छातीत सुरी खुपसून गात गात मरत. प्रेक्षकांतून 'वन्स मोअर' आला की उठत, सुरी नीट खोचत आणि पुन्हा मरत, पहिल्यापेक्षा बरे. आपण आज हसतो. पण तेव्हा गावातल्या प्रत्येक मोरीवर भांडी घासताना मास्तरांचीच चाल ऐकू येई.

नायिकेचं काम त्यांची बायको करी. कंपनीत तिला सगळे बाई म्हणत. दोघं लग्नानंतर वर्षभरात एकत्र रंगमंचावर आली, आणि घरातली भांडणंसुद्धा तालात होऊ लागली, असं शेजारी सांगत.

आता इथे पट्टीबद्दल थोडं सांगायला हवं. गाणं पेटीच्या कुठल्या सुरावरून उचलायचं, ती त्याची पट्टी. नायक-नायिका एकाच गाण्यात आळीपाळीने गाणार म्हटल्यावर पट्टीही एकच हवी, आणि ती ठरवायचे मास्तर. आरंभी ती दोघांनाही सोसत होती. मग मास्तरांची चाळिशी उलटली, पोट पुढे आलं आणि तार मागे सरली. हे त्यांनी जगात फक्त एकाच माणसाला कळू दिलं होतं. तो म्हणजे पायपेटी वाजवणारा पेटीवाला. पडदा वर जायच्या आधी मास्तर त्याच्या कानाशी लागत.

"जरा खाली घे रे आज. हवा दमट आहे."

पुढच्या मोसमात हवा कोरडी असे. मग मास्तरांचे जोडे नवे असत. एकदा तर प्रेक्षकांत फार उंच माणसं बसलीत, हे कारण झालं. पेटीवाला मुकाट्याने एकेक सूर खाली सरके. पट्टी उतरत उतरत मास्तरांच्या पोटाशी आली. तिथे मास्तर अजून ऐटीत गात. वरची तार लागत नसे, पण खालच्या सुरांवर ते असे काही मान हलवत की लोकांना वाटे, केवढी ही गंभीर गायकी!

मात्र त्या पट्टीत बाईंची वाट लागली. बायकांचा गळा मुळात वरचा. तो इतका खाली दाबल्यावर त्यातून निघणार काय? वर्तमानपत्रात छापून आलं, "बाई गातात की बिजागरी कुरकुरते, हे शेवटच्या रांगेतून ठरवता येत नाही." मास्तरांनी तो कागद घडी करून खिशात टाकला आणि बाईंना ज्येष्ठमधाची कांडी आणून दिली. खरी दया आली होती त्यांना. दोष कुणाचा ते माहीत असूनही माणसाला इतकी दया येऊ शकते, हेच त्यातलं लाजिरवाणं.

एके दिवशी कंपनीच्या मालकांनी मास्तरांना खोलीत बोलावलं.

"मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. बाईंचा गळा बसलाय. नव्या नाटकात नायिका बाहेरून आणतो. बाईंना मावशीचं काम देऊ. बिनगाण्याची मावशी."

खरं बोलायची हीच जागा होती. मास्तर घसा खाकरून म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "मालकांची तशी इच्छा आहे गं."

बाई झालर शिवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग मावशीला पांढरे केस लागतील. येताना लोकर आणा."

मास्तरांनी लोकर आणली. चांगली मऊ बघून आणली.

नवी नायिका आली ती तोंडाने फटकळ आणि गळ्याने तयार. पहिल्याच तालमीत पेटीने सूर दिला तशी ती दचकली. "अहो काका, ही कुणाची पट्टी? विहिरीत उतरून गायचंय का?"

मालक हसले. पेटीवाल्याने मास्तरांकडे बघितलं. मास्तर छताकडे बघत होते. पट्टी वर चढली.

आता चाल शिकवायची तर गाऊन दाखवायला हवी. मास्तरांनी सुरुवात केली, आणि दुसऱ्याच ओळीला त्यांच्या गळ्यातून जो आवाज आला तो दार अडकल्यावर येतो तसा होता. ते खोकले, पाणी प्याले, पेटीवाल्यावर उगाच डाफरले. शेवटी मागे केसांचा टोप विंचरत बसलेल्या बायकोला म्हणाले, "अगं, हिला जरा तू दाखव."

बाईंनी टोप मांडीवर ठेवला आणि बसल्या जागीच गायल्या.

तालीमघरात सुतार खिळे ठोकत होता, तो थांबला. वरच्या सुरावर बाई अशा सहज गेल्या, जशी बाईमाणूस माहेरच्या घरात दिवा न लावता फिरते. गाणं संपलं तरी पेटीवाल्याचा पाय भात्यावर हलतच राहिला.

नवी नायिका म्हणाली, "मग मला कशाला बोलावलंत?"

मालक खुर्चीतून उठले होते. "बाई! इतके दिवस हा गळा होता कुठे?"

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. फक्त एकदाच.

"सर्दी होती," त्या म्हणाल्या.

"इतकी वर्षं?"

"जुनी होती."

कुणीतरी हसलं. सगळं तिथेच मिटलं असतं. बाईंनी मिटवूनच दिलं होतं. पण मास्तरांना ती सर्दी सोसवेना. बायकोने आपल्यासाठी असं भरसभेत खोटं बोलावं, आणि तेही इतक्या सफाईने, म्हणजे तिने ते कधीपासून तयार ठेवलं असणार! त्यांचे कान तापले. ते म्हणाले, "सर्दीबिर्दी नव्हती. पट्टी माझी होती. मला वर जमत नाही, म्हणून तिला खाली ओढली."

काम बाईंना परत मिळालं. नवी नायिका मैत्रिणीच्या कामावर राहिली आणि पहिल्या दिवसापासून मास्तरांना "विहीरकाका" म्हणू लागली. मास्तरांनी नायकाची सगळी गाणी आपल्या हाताने कापून टाकली. नायक बोलका झाला.

घरी जाताना वाटेत त्यांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"अहो, गळा माझ्याच मानेत आहे ना?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते." थोडं चालल्यावर त्या पुढे म्हणाल्या, "मालकांच्या खोलीत तरी बोलाल, असं वाटलं होतं."

वाणी दिसला तसे मास्तर उगाचच त्याच्याशी गप्पा मारत थांबले.

पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह भरलं. दुसऱ्या अंकात नायिकेचं मोठं गाणं होतं आणि ते नायकाला समोर उभं करून गायचं होतं. गाण्याचे शब्द सांगायचे राहिलेच. ते मास्तरांनीच लिहिले होते, स्वतः नायक होणार म्हणून मन लावून लिहिले होते: तुझ्यासारखा उदार दुसरा नाही, तू मागे राहतोस आणि मला पुढे धाडतोस, वगैरे वगैरे. बाईंनी ते त्यांच्या डोळ्यांत बघत गायलं. त्यात टोमणा नव्हता. असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

नाट्यगृह 'वन्स मोअर' म्हणून दणाणलं. गाणं पुन्हा घ्यायचं की नाटक पुढे न्यायचं, हे कंपनीत मास्तरच ठरवत. पेटीवाला त्यांच्या हाताकडे बघत थांबला. मास्तरांचा चेहरा रंगाखाली भाजत होता, हातांचं काय करावं कळत नव्हतं. त्यांनी बोट वर केलं. त्यांचा उदारपणा पुन्हा पहिल्यापासून गायला गेला.

टाळ्या थांबेनात. बाई ओठ न हलवता पुटपुटल्या, "पुरे आता. पुढचं वाक्य घ्या."

मास्तरांनी मान खाली घातली आणि बोट पुन्हा वर केलं.