व्हॉल्व्ह ताई

१९ सप्टेंबर, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. द्रवयांत्रिकीच्या प्रयोगशाळेत सगळ्या बॅचसमोर एक मुलगी गुडघे टेकून टाकीखाली डोके घालून बसली होती आणि आमच्या प्रश्नांना तिथूनच उत्तरे देत होती. ही आमची टीए, म्हणजे अध्यापन-साहाय्यक. अंतिम वर्षातल्या हुशार विद्यार्थ्यांनी द्वितीय वर्षाची प्रात्यक्षिके सांभाळायची, अशी चिखलीजवळच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पद्धत. ती वडनेर भोलजीची. त्या दिवसापासून आमच्यासाठी व्हॉल्व्ह ताई.

प्रयोग साधा होता. मध्ये अरुंद केलेल्या नळीतून पाणी सोडायचे, टाकीत ते सेकंदाला किती जमते हे मोजायचे आणि त्याला सूत्राने येणाऱ्या प्रवाहाने भागायचे. पुस्तकाप्रमाणे उत्तर ०.९७च्या आसपास यावे. आमच्या टाकीचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह पुरता बंद होत नसे, म्हणून ०.८१ येई. यावर तोडगा फार पूर्वीच निघाला होता: आधी उत्तर लिहायचे, मग उलटे गणित करून निरीक्षणे बसवायची.

आमच्यातल्या एकाने पाणी सोडण्याआधीच तक्ता भरला होता. ताई टाकीखालून बाहेर आली.

"काऊन बे, पंप तं बंद हाये. पाण्यानं तुले फोन करून सांगतलं का?"

"ताई, ०.९७ नसलं तर सर सही नाही करत."

"मंग सरच्या टाकीत मोज. ह्या टाकीत एक्क्याऐंशीच येते."

तिचा एकच आग्रह असे. आकडा विचित्र आला की खोडरबर उचलायचे नाही, गळती शोधायची. मला तिने व्हॉल्व्हखाली हात धरायला लावला. तळहात ओला झाल्यावर म्हणाली, "हे लिही वं. आकडा राहू दे, त्याच्या खाली कारण लिही."

प्रयोग झाला की जर्नलवर आधी टीएची आद्याक्षरे आणि मग सरांची सही, असा क्रम होता. आकडे बसवलेल्या एकाही जर्नलवर ताईने पेन टेकवले नाही. तिला पुढच्या शिक्षणासाठी सरांचे शिफारसपत्र हवे होते. सरांनी आमच्यादेखतच त्याची आठवण करून दिली.

"हे प्रात्यक्षिक आहे, संशोधन नाही. तुम्हाला पत्र हवंय ना?"

"हाव सर, पाह्यजे. पण त्यात काय लिहसान? पोरगी आकडे चांगले बसवते?"

सोमवारी वेळापत्रकातून तिचे नाव गेले. पत्र मिळाले नाही, त्या वर्षीचा प्रवेशही हुकला. पुढच्या वर्षी ती पत्राशिवाय, स्वतःच्या गुणांवर गेली. जाण्याआधी प्रयोगशाळेत डोकावली, सवयीने टाकीखाली वाकली आणि मला म्हणाली, "व्हॉल्व्ह बदलला नाहीच यायनं. आता तू पाह्य."

यंदा त्या प्रयोगशाळेची टीए मी आहे. सर तेच, टाकी तीच. नव्या व्हॉल्व्हसाठीचे माझे तिन्ही अर्ज अनुत्तरित आहेत. पत्र मलाही हवे आहे, आणि सरांना ते ठाऊक आहे. आज सकाळी त्यांनी विचारले, "तुमच्या बॅचची उत्तरं नीट येतील ना?"

"टाकी देईल ती येतील, सर."

मग मी गुडघे टेकले, व्हॉल्व्हखाली हात धरला आणि मुलांना पाणी सोडायला सांगितले. गळती वाढली आहे. पहिल्या जर्नलमध्ये एका मुलीने तसे कारण लिहिले होते. त्यावरच्या आकड्याशेजारी मी आद्याक्षरे केली: ०.७९.