पडवीच्या वाशावरचं पोळं

मी बोलका माणूस आहे. गावात कोणाचं लग्न ठरलं, कोणाची म्हैस व्याली, कोणाचा भाऊ न सांगता बोटीने मुंबईला गेला – हे आमच्या ओटीवर आधी कळतं आणि गावाला मग. पण एक गोष्ट तेरा-चौदा वर्षं या ओटीवरून खाली उतरलेली नाही. बायकोला ती ठाऊक नाही. आईला ठाऊक होती असं मला वाटतं, पण मी सांगितली नव्हती. आज लिहून काढतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. समोर बसून माझ्या तोंडाकडे बघणार नाही, म्हणूनही असेल.

गोष्ट गांधीलमाश्यांच्या पोळ्याची आहे. हसू आलं तर हसा. पहिल्या दिवशी मलाही ती हसण्यावारी नेण्यासारखीच वाटली होती.

मला गांधीलमाशीची भीती वाटते – हे आधी सांगून टाकतो. सात वर्षांचा असताना एकीने पापणीवर नांगी मारली. आठ दिवस डोळा उघडला नाही, आणि गावातली पोरं मला वर्षभर ‘भोपळ्या’ म्हणत होती. पुढे मी रत्नागिरीत शिकलो, गावच्याच शाळेत मास्तर झालो, आणि त्या पोरांची पोरं माझ्यासमोर हाताची घडी घालून बसू लागली. भोपळ्या हे नाव लोक विसरले. मी नव्हतो विसरलो. वर्गात निर्भयतेवर बोलायला मला फार आवडायचं – का आवडायचं, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

आमच्या वाडीत धाकू नावाचा माणूस होता. माड चढणं, आंबे उतरवणं, पावसाळ्याआधी घरांची कौलं परतणं – उंचावरचं जे काम असेल ते धाकूचं. काटक, हसरा, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. ग्रामदेवीच्या पालखीच्या पुढच्या दांडीला त्याच्या घराण्याचा खांदा. शिमग्यात पालखी नाचवताना तो डोळे मिटून घ्यायचा आणि तरी त्याचं पाऊल चुकत नसे. फक्त – माडी प्यायचा. पुष्कळ प्यायचा. त्याची बायको येसू आमच्या मागच्या दारी येऊन आईजवळ रडायची.

त्या दिवसांत गावोगाव दारू सोडण्याची भाषणं होत. मीही खादीची टोपी घालून देवळासमोर एक ठोकलं. बरं झालं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी धाकू आंघोळ करून ओल्या पंच्यानिशी देवीसमोर उभा राहिला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे देवाला काही सांगायचं ते सगळ्या गावाच्या वतीने गुरव सांगतो, आणि मागे उभं असलेलं गाव ‘होय म्हाराजा’ म्हणतं. मग धाकूने शपथ घेतली. त्याचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. “पुन्हा माडी तोंडाला लावली तर आये, मला वरनं खाली टाक.” ज्याचं पोट चढण्यावर, त्याने चढण्याचीच शपथ घेतली. गावाने ‘होय म्हाराजा’ म्हटलं. मीही म्हटलं, आणि तेव्हा माझी छाती फुगली होती.

तीन वर्षं तो थेंबाला शिवला नाही. येसू आता मागच्या दारी हसत यायची.

आता पोळ्याकडे येतो. बघा – येतो येतो म्हणत मी अजून धाकूबद्दलच बोलतोय.

वैशाख होता. कौलं परतायला दुसऱ्या दिवशी धाकू येणार होता. मागच्या पडवीत, वळचणीला, वाशावर गांधिलींनी पोळं धरलं होतं. लहानच, वाटीएवढं. आई लाकडं आणायला गेली तेव्हा एक तिच्या मनगटाला चावली. ती म्हणाली, तिन्हीसांजेला सगळ्या पोळ्यावर येऊन बसल्या की चूड लावून जाळून टाक, उद्या धाकू वर चढेल. मी वाळल्या झावळीची चूड पेटवली. शिडीच्या दोन पायऱ्या चढलो. उजेड लागला तशा त्या सगळ्या पंख उभारून माझ्याकडे तोंड करून बसल्या – आणि माझी पापणी फडफडायला लागली. तीच, जुनी पापणी. मी खाली उतरलो. चूड अंगणात जळू दिली. धूर भरपूर झाला, मी थोडा खोकलोही. मग घरात जाऊन आईला म्हटलं, जाळलं.

एवढंच. तेहतिशीचा बाप्या, आईशी खोटं बोललो. कोणाचं काय बिघडणार होतं? सकाळी धाकू आला की त्याच्या कानात सांगायचं, असं मी ठरवलं होतं. तो हसला असता, आणि दोन मिनिटांत त्याने ते उडवलं असतं.

पण सकाळी आई अंगणात होती. धाकूच्या सोबतचा गडी होता. शेजारचे अण्णा राखुंडीने दात घासत गडग्याला, आमच्या दगडी कुंपणाला, टेकून उभे होते. कसं सांगायचं? धाकूने शिडी लावली, आणि वर चढण्याआधी त्याने विचारलं – त्याने विचारलं हो!

“मास्तर, पोळं जाळलाव नवं?”

“जाळलं रे. चढ.”

मी ओटीवर येऊन बसलो. मनात म्हटलं, धाकूसारखा माणूस, पोळं दिसलं तर तो बघून घेईल. तासाभराने मागून ओरड ऐकू आली आणि पाठोपाठ धप्प आवाज. धावलो. पडवीच्या जांभ्याच्या पायरीवर धाकू पडला होता, आणि त्याची एक मांडी भलतीकडेच वळली होती.

माणसं जमली. “कौल उचललं नि गांधील बसली कपाळावर,” तो दात आवळून म्हणाला. कपाळ सुजलं होतंच, पण पडलेल्या माणसाचं कपाळ सुजणारच. सोबतचा गडी तेव्हा पुढच्या अंगणात कौलं रचत होता, त्याने काही पाहिलं नव्हतं. आई म्हणाली, अरे, पोळं तर काल जाळलं ना? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, वर वाशाकडे कोणीच नाही. आणि मी म्हणालो, हो. काल जाळलं.

धाकूने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात संशय असता तर बरं झालं असतं. नव्हता. “मंग मला भास झाला आसंल,” असं म्हणाला तो. कपाळावर डंख ठणकत होता, आणि तरी त्याला माझा शब्द खरा वाटला.

मग अण्णांनी वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास होता. धाकूला पंधरा दिवस खोकला होता, आणि वैद्याचं आसव घेऊन तो कामावर आला होता. ते त्याने सांगितलंही. पण पिणाऱ्याला निमित्तं हजार! कोणीतरी हळूच शपथेची आठवण काढली आणि मग कोणाला काही विचारायचं उरलं नाही. देवीनेच त्याला वरून खाली टाकला होता. येसू धावत आली तेव्हा तिच्या कानावर पहिलं हेच पडलं. तिने नवऱ्याच्या पायाकडे बघितलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ती तिथेच मटकन बसली.

धाकूला डोलीत घालून हाडवैद्याकडे नेलं. मी गड्याला म्हटलं, आज काम राहू दे. सगळे पांगले तेव्हा मी शिडी लावली.

माझी भीती त्या वेळी कुठे गेली होती? मी आजही स्वतःला विचारतो. मी सरसर चढलो. कौलं काढलेली होती, पोळं उन्हात उघडं पडलं होतं, पाच-सहा माश्या अजून त्यावर होत्या. मी ते उघड्या हाताने उपटलं, मुठीत चुरगळलं आणि न्हाणीच्या चुलीत टाकलं. हाताला तीन डंख बसले. धाकूसाठी जे माझ्याने झालं नव्हतं, ते माझा शब्द खोटा पडू नये म्हणून एका दमात झालं. इथून पुढे याला भित्रेपणा म्हणता येत नाही. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

हात कोपरापर्यंत सुजला. आईला सांगितलं, विंचू चावला. ती चुना लावायला बसली. तीन टिपके तिने बोटाने चाचपले आणि म्हणाली, “विंचू तीन ठिकाणी नांगी मारीत नाही रे.” त्या वर्षापासून मरेपर्यंत प्रत्येक सणाला तिने येसूकडे वाढलेलं ताट पाठवलं. का, ते मी विचारलं नाही. तिनेही मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं? नाही सांगितलं असतं.

धाकूचा पाय आखूड झाला. चढणं संपलं, तो घरी बसून सुंभ वळू लागला. शिमग्याआधी गावकी बसली. शपथ मोडलेल्याचा खांदा पालखीला चालणार नाही असं ठरलं आणि पुढच्या दांडीचा मान त्याच्या चुलतभावाकडे गेला. त्या बैठकीत मी होतो. नाहीतरी आखूड पायाने त्याला पालखी झेपलीच नसती, अशी मी मनाची समजूत घातली. पण पालखी झेपत नाही म्हणून खाली ठेवणं वेगळं आणि तू लायक नाहीस म्हणून ती काढून घेणं वेगळं, हे काय मला कळत नव्हतं? येसू त्याच घरात राहिली. त्याला वेळेवर वाढायची, धुवायची, शेकायची. त्याच्याशी बोलायची मात्र नाही.

वर्षभराने एका दुपारी, मधल्या सुट्टीत, धाकू काठी टेकत शाळेत आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, “मास्तर, तुमी शिकलेले. आसवात दारू आसते काय?”

हा माणूस वर्षभर स्वतःचा गुन्हा शोधत होता. आपण प्यायलो नाही हे त्याला ठाऊक होतं आणि देवी उगाच कोणाला टाकत नाही हेही ठाऊक होतं. मग चुकलं कुठे? पोरं बाहेर खेळत होती. आम्ही दोघेच होतो. मला फक्त तोंड उघडायचं होतं – आणि मी उघडलं.

“असते थोडी,” मी म्हणालो.

खरंच असते ती आसवात. धाकूचा चेहरा मोकळा झाला. “मंग आयेनं बरोबर केलान,” म्हणाला, आणि मला नमस्कार करून गेला. आयुष्यात मी याहून मोठं खोटं बोललेलो नाही.

त्यानंतर दर शिमग्याला पालखी आमच्या अंगणात आली की तो गडग्याबाहेर काठी धरून उभा राहायचा. आत ये म्हटलं तरी यायचा नाही. ढोल सुरू झाले की डोळे मिटायचा, आणि त्याचा धड पाय जमिनीवर ठेका धरायचा. मी ओटीवरून बघायचो. दर वर्षी बघायचो.

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात धाकू तापाने गेला. येसू आता एकटी असते. तेव्हापासून शिमग्याला ती एक नारळ घेऊन सहाणेवर, पालखीच्या चौथऱ्यावर, येते. पालखी टेकलेली असते, गाव जमलेलं असतं. गुरव तिचा नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालतो – आये, हिच्या घोवाच्या हातनं शपथ मोडली, ती पोटात घाल, त्याच्या जिवाला मोकळं कर. आणि मागून गाव म्हणतं, होय म्हाराजा.

मीही म्हणतो. मास्तर म्हणून मला पुढे उभं करतात.

यंदा गाऱ्हाणं झाल्यावर येसू गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आली. पदर सावरून म्हणाली, “मास्तर, तुमी मोठ्यानं म्हनता. आयेला ऐकू जात आसंल.” आणि तिने नारळाच्या प्रसादातला एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

मी तो खाल्ला.